बीजांडातील पाठराखीण

मूल कोणाचे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्याकडे उत्तर ठरलेले असते. नाव बापाचे, कूळ बापाचे, तेव्हा मूलही बापाचे. बीज पित्याचे आणि क्षेत्र मातेचे, हा विचार आपल्या देशात फार जुना आहे. आणि तो केवळ आपल्याच देशात होता असेही नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ह्याचेही म्हणणे जवळजवळ असेच होते: घडविणारे तत्त्व पुरुषाचे, आणि स्त्रीचे ते केवळ द्रव्य. शेतात राबणाऱ्या माणसाला हा दृष्टान्त चटकन पटतो. भाताचे बियाणे पेरले तर भातच उगवते. जमीन काळी असो की तांबडी, ती बियाण्याची जात बदलीत नाही. परंतु दृष्टान्त पटला म्हणजे गोष्ट खरी ठरली असे नव्हे, आणि ह्या एका दृष्टान्तापायी आपल्या खेड्यांतील कित्येक सुनांनी फार सोसले आहे. म्हणूनच ह्या वेळी आम्ही थोडा अवघड विषय हाती घेतला आहे. वाचकांनी सवडीने वाचावा, ही विनंती.

शाळेत विज्ञान शिकणारी आपली मुले ह्या जुन्या कल्पनेच्या पुढे गेली आहेत. ती आपणांस सांगतील की मुलाला निम्मी गुणसूत्रे पित्याकडून मिळतात आणि निम्मी मातेकडून. २३ इकडून, २३ तिकडून. हा हिशेब बरोबर आहे. तथापि वाटणीच्या कागदावर जे लिहिलेले असते तेवढ्याने संसार उभा राहत नाही. घरात चूल लागते, भांडी लागतात, पहिल्या दिवशी शिजवायला शेर-दोन शेर तांदूळ लागतात. गर्भाचा संसार उभा राहताना हे सामान कोण आणतो, ह्याचा शोध शास्त्रज्ञ गेली दोनशे वर्षे घेत आहेत, आणि त्यांतील एका अगदी लहानशा वस्तूविषयी ह्या शतकात जे कळले ते मोठे मनोवेधक आहे.

सस्तन प्राण्याचे बीजांड मनुष्याने प्रथम पाहिले ते १८२७ साली. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर ह्या शास्त्रज्ञाने ते कुत्रीच्या अंडाशयात पाहिले. कोंबडीचे अंडे सर्वांच्या परिचयाचे. पण कुत्री, गाय, स्त्री ह्यांनाही स्वतःचे बीजांड असते हे तोपर्यंत कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. स्त्रीचे बीजांड एका मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे असते. कागदावर टोचलेल्या सुईच्या अग्राएवढे म्हणा. एवढे असूनही ते शरीरातील अन्य पेशींच्या मानाने राक्षसी आहे. उलट शुक्राणू म्हणजे एक चिमुकले डोके आणि एक लांब शेपटी. त्या डोक्यात पित्याची गुणसूत्रे प्रोटामीन नावाच्या प्रथिनांनी इतकी आवळून बांधलेली असतात की प्रवासाला निघालेल्या माणसाच्या वळकटीचीच आठवण व्हावी. वळकटी आली खरी, परंतु ती सोडावयाची कोठे, पसरावयाची कशी, ह्याची सिद्धता त्या प्रवाशापाशी नसते.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. बहुतेक पेशींच्या मध्यभागी केंद्रक असते, आणि त्या केंद्रकाच्या आत सूक्ष्मदर्शकातून आणखी एक गडद ठिपका दिसतो. त्याला केंद्रकी म्हणतात. आबे ह्या उपाधीने ओळखल्या जाणाऱ्या फेलिचे फोंताना ह्या इटालियन विद्वानाने १७८१ साली वाम माशाच्या अंगावरील बुळबुळीत द्रवातील पेशींत असा ठिपका पाहून त्याचे चित्र काढले. पुढे १८३५ साली रुडॉल्फ वाग्नर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने बीजांडातील केंद्रकीकडे लक्ष वेधून तिला गर्भबिंदू अशा अर्थाचे नाव दिले. तिचे काम काय, हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

ते काम हळूहळू उलगडले. जवळजवळ प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाचे असंख्य सूक्ष्म माग चालू असतात, आणि त्यांवर प्रथिने विणली जातात. हे माग जेथे घडतात ती सुतारशाळा म्हणजे केंद्रकी. १९३४ साली बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या विदुषींनी मक्याच्या पेशी तपासून दाखविले की गुणसूत्रावरील एका ठराविक जागी केंद्रकी उभारली जाते. त्यानंतरचा धडा बेडकाने शिकविला. आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकांत, ऑक्सफर्ड येथे, असा दोष आढळला की त्या दोषाच्या मातापित्यांच्या पिलांपैकी चौथा हिस्सा केंद्रकीवाचूनच जन्मे. ही पिले लगेच मरतील असे वाटावे. पण तसे होत नसे. अंड्यातून बाहेर पडून बेडूकमाशाच्या रूपात ती काही काळ पोहत, आणि मग मरत. १९६४ साली डोनाल्ड ब्राउन व जॉन गर्डन ह्यांनी सिद्ध केले की ही पिले स्वतःचा एकही नवा माग घडवीत नव्हती. मातेने अंड्यात भरून दिलेल्या मागांवरच त्यांनी तेवढे आयुष्य काढले होते. शिदोरी संपली तेव्हा त्यांचे जीवन संपले.

वाचकांना वाटेल, मग सस्तन प्राण्यांतही हीच कथा असणार. येथेच खरे कोडे आहे. उंदरीचे, डुकरिणीचे किंवा स्त्रीचे बीजांड पूर्ण वाढले म्हणजे त्यातील केंद्रकीचे रूप पालटते. ती घट्ट, गोल, एकसंध गोळी बनते आणि माग घडविण्याचे तिचे काम जवळजवळ थांबते. सुतारशाळेला कुलूप लागते म्हणाना. बीजांड पक्व होताना ही गोळी विरघळून दिसेनाशी होते. फलन झाल्यावर पित्याच्या आणि मातेच्या गुणसूत्रांची दोन वेगवेगळी छोटी केंद्रके तयार होतात, आणि त्या दोहोंतही पुन्हा तशाच गोळ्या प्रकट होतात. कुलूप लागलेल्या ह्या सुतारशाळेचे एवढे जतन कशासाठी? ती नुसती अडगळ तर नव्हे? पुष्कळ काळपर्यंत ह्याला समाधानकारक उत्तर नव्हते.

२००८ साली जपानी व चेक शास्त्रज्ञांच्या एका गटाने हा प्रश्न सरळ हातानेच सोडविला. डुकरिणीच्या व उंदरीच्या बीजांडांतून त्यांनी केसाहून बारीक अशा काचेच्या नळीने केंद्रकी तेवढी शोषून काढली; गुणसूत्रे जागच्या जागी ठेवली. बीजांड ह्यानंतरही पक्व झाले आणि त्याचे फलनही झाले. वरवर पाहता काहीच बिघडले नव्हते. परंतु त्या फलित बीजांडात, मातेच्या बाजूस नाही की पित्याच्या बाजूस नाही, कोठेच केंद्रकी दिसेना. आणि थोड्या विभाजनांनंतर गर्भाची वाढ खुंटली. काढलेली केंद्रकी परत घातली तर वाढ पुन्हा होऊ शके. ह्यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरली: आरंभीच्या गर्भातील केंद्रकी सर्वस्वी मातेची असते. पित्याच्या गुणसूत्रांभोवती जी केंद्रकी उभी राहते तीही मातेच्याच द्रव्याची. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या पेशीचे केंद्रक आणून बीजांडात बसविले, जसे डॉली नावाच्या प्रसिद्ध मेंढीच्या वेळी केले होते तसे, तरी त्या गर्भातील केंद्रकी त्या आगंतुक केंद्रकाची नसते, बीजांडाचीच असते.

आता त्या गोळीत असते काय? तीत पुष्कळ प्रथिने असली तरी त्यांतील एक प्रमुख आहे. त्याचे नाव न्यूक्लिओप्लाझ्मिन-२. हे प्रथिन बीजांडात विपुल असते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की त्यांच्यात हे प्रथिन घडविणारे जनुकच नव्हते, आणि २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे उंदीर निरोगी जन्मले, खाऊ-पिऊ लागले, वाढले. नरांना पिले होण्यात अडचण आली नाही. माद्यांचे मात्र तसे नव्हते. त्यांच्या बीजांडांत नेहमीची घट्ट गोळी तयारच होत नव्हती, आणि त्यांच्या पोटचे बहुतेक गर्भ गर्भाशयात रुजण्यापूर्वीच थांबत.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील, की बाप निर्दोष असेल तर त्याच्याकडून आलेले चांगले जनुक उपयोगी का पडत नाही? प्रश्न रास्त आहे. ह्याचे उत्तर वेळेत आहे. गर्भ आपल्या स्वतःच्या जनुकांची पोथी पहिल्या क्षणापासून वाचू लागत नाही. उंदराचा गर्भ दोन पेशींचा होतो तेव्हा ते वाचन खऱ्या अर्थाने सुरू होते. मनुष्याच्या गर्भात चार ते आठ पेशी झाल्यावर. तोपर्यंतचा सारा कारभार मातेने आधीच करून ठेवलेल्या तयारीवर चालतो. पित्याची पोथी कितीही शुद्ध असली तरी ती उघडण्यापूर्वीच ज्या वस्तूची निकड आहे, ती वस्तू त्या पोथीतून कशी मिळणार?

ह्या प्रथिनाच्या घराण्याविषयी एक गंमतीची गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. १९७८ साली रॉन लास्की व त्यांचे सहकारी बेडकाच्या अंड्यातील न्यूक्लिओप्लाझ्मिन तपासत होते. हिस्टोन नावाची प्रथिने आणि डीएनएचा धागा ह्यांना नुसते एकत्र आणले तर त्यांचा गुंता होतो. न्यूक्लिओप्लाझ्मिन मध्ये असले म्हणजे दोघे नीट जुळतात, आणि जुळणी झाली की ते स्वतः बाजूला होते. ह्या कामाला नाव देताना त्या शास्त्रज्ञांनी इंग्रज समाजातील जुना शब्द उचलला: शॅपरोन, म्हणजे तरुण मुलीबरोबर सोबतीला जाणारी पोक्त बाई. आपल्या भाषेत ह्याहून नेमका शब्द सिद्धच आहे, तो म्हणजे पाठराखीण. नवी नवरी सासरी निघते तेव्हा तिच्याबरोबर कोणी मावशी, आत्या किंवा थोरली बहीण जाते. चार दिवस राहते, नवख्या घरात मुलीला बसते-उठते करते आणि परत येते. तिचा त्या घरावर हक्क नसतो, सात-बारावर तिचे नाव नसते. पण ते पहिले चार दिवस तिच्यावाचून निभत नाहीत.

पित्याची ती आवळून बांधलेली वळकटी बीजांडात येऊन पडली म्हणजे प्रोटामीनांचे बंध सोडवून त्या जागी मातेची हिस्टोने बसवावी लागतात. ह्या कामी न्यूक्लिओप्लाझ्मिन-२ हातभार लावते, असे उंदरांवरील अभ्यासात २०११ साली दिसून आले. परंतु त्याचे ह्याहून मोठे काम २०१७ साली उजेडात आले. केंद्रकी काढून घेतलेल्या बीजांडांत पहिल्या विभाजनाच्या वेळी नेमके काय बिघडते, ते ह्या वेळी बारकाईने पाहण्यात आले. प्रत्येक गुणसूत्राला जणू एक कंबर असते. विभाजनाच्या वेळी तिलाच दोर बांधून गुणसूत्रे दोन्हीकडे ओढली जातात. ह्या कमरेभोवतालचा डीएनए नीट घडी घालून बसवावा लागतो, आणि आरंभीच्या गर्भात ही घडी केंद्रकीच्या गोळीभोवतीच बसते. गोळी नसली तर घडी विस्कटते, पहिले विभाजन रेंगाळते आणि गुणसूत्रांची वाटणी चुकते. एका पेशीत जास्त, दुसरीत कमी. ज्या उंदरिणींत ते प्रथिन मुळातच नव्हते त्यांच्या बीजांडांतही हाच दोष आढळला. मग शास्त्रज्ञांनी अशा बीजांडांत ते एकच प्रथिन पुन्हा निर्माण करविले, आणि काय आश्चर्य, गोळीची रचना पुन्हा उभी राहिली!

म्हणजे कुलूप लागलेल्या त्या सुतारशाळेला अडगळ म्हणणे चूक होते. माग घडविणे थांबले असले तरी त्या खोलीत दुसरेच, आणि अधिक निकडीचे काम चालले होते.

आणि ते चालते तरी किती वेळ? २०१४ साली जपानातील शास्त्रज्ञांनी उलटा प्रयोग करून पाहिला होता. त्यांनी बीजांडाला हात न लावता, फलन होऊन दोन्ही केंद्रके तयार झाल्यावर, पहिल्या पेशीच्या अवस्थेच्या अखेरीस त्यांतील गोळ्या काढून घेतल्या. ह्या वेळी गर्भ थांबला नाही. काही विभाजनांनंतर त्याने स्वतःच्या द्रव्याने स्वतःची नवी केंद्रकी उभारली, आणि उंदरिणीच्या गर्भाशयात ठेवल्यावर जिवंत पिले जन्मास आली. फलनापूर्वी जिच्यावाचून सारेच अडत होते, ती काही तासांनी नसली तरी चालते. पाठराखीण परत गेलेली असते.

हे सारे वाचून एखादी सासू म्हणेल, "बघा, शास्त्रज्ञही सांगतात, दोष बाईतच असतो!" तसे म्हणण्यास येथे तिळमात्र आधार नाही, आणि हे स्पष्ट सांगण्यासाठीच आम्ही एवढा प्रपंच मांडला. ज्या उंदरिणींत ते प्रथिन नव्हते, त्यांना सदोष जनुकाची एक प्रत मातेकडून आणि दुसरी पित्याकडून आलेली होती. दोन्ही प्रती सदोष मिळाल्या तेव्हाच हा प्रकार घडला. मग दोष कोणाच्या माथी मारावयाचा? शिवाय स्त्रीची बीजांडे तिच्या शरीरात तयार होऊ लागतात ती, ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असताना. तिने काय खाल्ले, कोणाच्या ओटीला हात लावला, ग्रहणात सुरी धरली की नाही, कोणत्या पायगुणाची ती निघाली, ह्यांचा त्या गोळीशी काडीचा संबंध नाही. पहिल्या काही महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची वाटणी चुकलेली आढळते. ही चूक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जागेत होते, बहुधा त्या स्त्रीला दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी. अशा आईला दोन दिवस अंथरुणावर पडू द्यावे, गरम पेज द्यावी आणि बोलणे आवरावे. गेलेल्या जिवासाठी तिला रडावेसे वाटले तर तेही रडू द्यावे. पुष्कळ घरांत एवढीही मोकळीक मिळत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

हे प्रयोग उंदीर आणि डुकरे ह्यांच्यावर झालेले आहेत. मनुष्याच्या बीजांडातही केंद्रकी असते आणि फलनानंतर दोन्ही केंद्रकांत ती दिसते. तरी उंदराचा प्रत्येक निष्कर्ष जशाचा तसा मनुष्याला लावू नये, एवढे तारतम्य वाचकांनी राखावे. मानवी गर्भावर असे प्रयोग करण्याच्या बाबतीत ख्रिस्तसभेची भूमिका १९८७ साली रोमहून निघालेल्या 'दोनुम वीते' ह्या पत्रकात स्पष्ट आहे: पहिल्या क्षणापासून त्याला व्यक्तीचा मान द्यावा, त्याला प्रयोगाचे साधन करू नये. उंदराच्या बीजांडाचा अभ्यास करण्यास तिची हरकत नाही, आणि आमच्या मते त्या अभ्यासाने पेशीविषयीचा आदर वाढतोच.

राहता राहिली व्यवहाराची गोष्ट. लग्नाला काही वर्षे होऊनही मूल होत नसेल तर आपल्याकडे प्रथम सून वैद्याकडे, मग देवस्थानी, मग माहेरी धाडली जाते. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारण पुरुषाकडेही असते. कधी केवळ त्याच्याकडे, कधी दोघांकडे. ह्याकरिता डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे, आणि पहिल्याच खेपेस जावे. पुरुषाची तपासणी स्त्रीच्या तपासणीहून पुष्कळ सोपी असते, तरीही आपल्या घरांत ती सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही. तपासणीच्या एखाद्या रीतीविषयी मनात किंतु असेल तर नवऱ्याने आपल्या धर्मगुरूंस एकांतात विचारावे. ह्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत बायकोला माहेरी पाठवू नये.